बाबांसाठी एक क्रियाविशेषण

आष्टी, ६ जानेवारी २०२५

ती. आत्यास सप्रेम जय भीम.

तुझ्या नियमाप्रमाणे आठवड्याचा इंग्रजी शब्द पत्रातच, आणि वाक्य आपल्याच घरातलं, खरं. शब्द आहे ‘नॉनशलंटली’. शब्दकोशात ‘बेफिकीरपणे’ असं दिलंय. माझं वाक्य: बाबांनी डॉक्टरांची चिठ्ठी नॉनशलंटली घडी करून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्नीखाली ठेवली.

चिठ्ठी तपासणी शिबिरातली. तोंडात पांढरा चट्टा आहे, वर्ध्याला जाऊन तुकडा तपासून घ्या, असं लिहिलंय. महिना झाला. आईने विचारलं तर म्हणाले, काई होत नाई, आणि शीळ घालत दुकानात गेले. हल्ली भाजीत तिखट कमी टाक म्हणतात, एवढंच. बाकी ठीक.

मार्क देताना हात आखडू नको.
तुझी डोकं खाणारी काजल

आर्वी, १० जानेवारी

चि. काजलला मायेचा जय भीम.

व्याकरणाला पूर्ण मार्क. पण हा शब्द माणसाच्या मनाबद्दल काही सांगत नाही. पाहणाऱ्याला तो कसा दिसला, एवढंच सांगतो. चालणं, उत्तर देणं, कागदाची घडी करणं, अशा कृतींनाच तो लावतात.

तुझं पत्र शाळेत वाचलं आणि फळ्यावर पुढे काय लिहायचं होतं तेच आठवेना. दादा लहानपणी साप दिसला की शीळ घालायचा. काल त्याला फोन केला, तर माझ्या स्कूटीची चौकशी करून हसत ठेवून दिला. त्याच्यावर चिडू नकोस. जवळून बघ आणि कळव.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
जागृती आत्या

आष्टी, १४ जानेवारी

ती. आत्यास जय भीम.

वाक्य खोडलं.

काल बाबा आरशासमोर होते. तोंडात तीन बोटं उभी मावली पाहिजेत, असं शिबिरात सांगितलं होतं. ते रोज दार लोटून करून बघतात. आधी दोन जायची. काल एकच गेलं. मी दारात दिसले तशी ते दाढीचं सामान शोधू लागले. मी जवळ जाऊन उभी राहिले. मग म्हणाले, “मले लय भेव वाटून राह्यलं, काजल. जागृतीले सोबत घेऊ.”

सोमवारी सकाळच्या एसटीने वर्ध्याला निघतो. तू आर्वीच्या स्टँडवर चढ. आईला बोटांचं अजून कुणी सांगितलेलं नाही. ते तू सांग. माझ्याने व्हायचं नाही.

आम्हा तिघांवरची तुझी माया अशीच राहू दे.
काजल