खुंटीवरचा चेंडू

व्हाइटफील्ड, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, हे आधी वाच आणि मग पुढचं.

मी गोल्फ शिकतोय. हस पोटभर! ऑफिसातले चौघे जातात, म्हणून मीही नाव घातलं. पहिल्या दिवशी काठी फिरवली तर चेंडू जागच्या जागी आणि गवताचं ढेकूळ पुढे. वेदांतने बापाचा व्हिडिओ काढून ठेवलाय.

आता मारणं जमतं. जमत नाही ते चेंडू ठेवणं. बोटभर लाकडी खुंटीवर तो अलगद ठेवायचा असतो, आणि माझा पडतो. आज पाच वेळा पडला. शिकवणारे मंजुनाथ सर आधी म्हणाले, "स्वल्प रिलॅक्स, सर." मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःच वाकून चेंडू ठेवून दिला. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

थकवा असेल. इथे चहाही फार होतो. सुखदाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी फिरायला जातात ना?

एक विचारायचं होतं. आप्पांच्या हातात कपबशी वाजायला लागली, तेव्हा ते किती वर्षांचे होते? मी हॉस्टेलवर होतो, घरात तू होतीस. आधी उजवा हात होता की डावा?

फोनच करणार होतो, पण तुला अक्षर दाखवायचं होतं. आप्पांची शेवटची पत्रं तुझ्या कपाटात आहेत. हे त्यांच्या शेजारी ठेवून बघ, आणि माझी समजूत घालू नकोस.

तुझा धाकटा,
निहार