सुक्रोज, दिवसातून दोनदा

सोमवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ७.४०
लेकीचं पोट दुखतंय. वय नऊ, वार सोमवार, पहिला तास गणिताचा. निदानाला डॉक्टर कशाला? आमची ही म्हणाली, तिच्या पोटावरून हात फिरव, फुंकर घाल, थांबेल. फुंकर म्हणजे तरी काय, खोटं औषधच. आणि मी तत्त्वाचा माणूस. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो कागद कोणी वाचत नाही, तो छापण्याआधी शब्दन् शब्द तपासायचा मला पगार मिळतो. माझ्या घरात खोटं औषध येणार नाही.
निश्चय: मुलीशी कायम खरं बोलायचं.

बुधवार, ७ फेब्रुवारी
केकवर लावतात त्या पांढऱ्या, साखरेच्या बारक्या गोळ्या आणल्या. ऑफिसातली एक तपकिरी बाटली रिकामीच होती. एक गोळी दिली. अकरा मिनिटांत पोट थांबलं. घड्याळ लावलं होतं.
हे खोटं नव्हे. ‘औषध’ हा शब्द मी उच्चारलेला नाही. ‘ही घे’ एवढंच म्हणालो. पुढचं तिचं तिने समजून घेतलं.
गोळी जिभेवर ठेवताना तिने डोळे घट्ट मिटले. माझी धाकटी बहीण असेच मिटायची. मधेच कुठून आठवलं, कोण जाणे.

शनिवार, १० फेब्रुवारी
मन खात होतं. म्हणून बाटलीला रीतसर लेबल केलं. नाव: उदरिन. घटक: सुक्रोज. मात्रा: दिवसातून दोनदा, एकेक गोळी. क्वचित दात किडू शकतात. एक अक्षर खोटं नाही.
हिने वाचलं. म्हणाली, फुंकर उघड असते रे, तिला लेबल लागत नाही. ‘साखर’ लिहायला तुझी बोटं झडतात का? मी म्हटलं, सुक्रोज म्हणजे साखरच, ज्याला हवं त्याने शब्दकोश उघडावा. ती म्हणाली, नऊ वर्षांची मुलगी पोट धरून शब्दकोश उघडेल, हो ना?
हिला आमच्या कामातली शिस्त कळत नाही.
बाटली खालच्या फळीवर ठेवली. लेकीला स्वतःहून घेता यावी. स्वावलंबन.

बुधवार, १४ फेब्रुवारी
डोकेदुखी: बरी. मैत्रिणीने कट्टी घेतल्यावर दुखणारा घसा: बरा. आज मीटिंगआधी मीही एक घेतली. जळजळ थांबली. जेवणानंतर आणखी दोन. मला माहीत असूनही लागू पडते, म्हणजे यात फसवणूक कुठे आली?
मात्रा दोन, घेतल्या तीन. उद्या एकच घ्यायची.

रविवार, १८ फेब्रुवारी. सकाळी
धाकटी जेवायला येणार. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी काहीतरी झालं होतं. मी नेहमी तिच्या उजवीकडे बसतो, इतकी वर्षं, न चुकता. सगळे म्हणतात, भाऊ असावा तर असा.
आज तिला एक गोष्ट सांगायची आहे. बाटली घरात आल्यापासून घशाशी येऊन बसली आहे. नक्की सांगणार.

रविवार, १८ फेब्रुवारी. दुपारी ४
सांगितली.
जेवणानंतर ती भांडी घासत होती, मी पुसत होतो. ओट्यापाशी जागाच अशी की मी तिच्या डावीकडे आलो. नळ सुरू होता. मी मुद्दाम सोडला होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, हळू आवाजात. ती म्हणाली, दादा, काय पुटपुटतोयस, ताटं पूस. मग हिच्याकडे वळून हसत म्हणाली, डावीकडून बोलणाऱ्याचं मी मनावर घेतच नाही. नवऱ्याला कायम डाव्या अंगाला झोपवते, म्हणून तर संसार टिकला. दोघी खूप हसल्या. मीही.
सांगण्याचं माझं काम झालं. ऐकण्याचं तिचं.

सोमवार, १९ फेब्रुवारी
ऑफिसात एका कागदावर ‘कानात घालण्याचे थेंब’ असा मथळा होता. चार वेळा वाचूनही पुढे जाता येईना.
लिहून टाकतो. मी दहा वर्षांचा, ती सहाची. आई-बाबा कामावर, घर माझ्या ताब्यात. तिचा कान ठणकायला लागला. मला बाहेर खेळायला जायचं होतं. वाटीत पाणी घेतलं, साखर विरघळवली, चमच्याने दोन थेंब कानात आणि उरलेलं तोंडात. म्हणालो, डॉक्टरांनी दिलंय. आता रडलीस किंवा कोणाला सांगितलंस तर उलटतं. तिने डोळे मिटले आणि रडणं थांबवलं. तीन दिवस थांबवलं. चौथ्या दिवशी आईला उशीवर पू दिसला.
वाटीवर चमचा वाजला की अजून माझी मान आखडते. चहात मी साखर घेत नाही. लोकांना वाटतं, तब्येतीसाठी.
पण त्याचा उदरिनशी काही संबंध नाही. तेव्हा मी खोटं बोललो होतो. आता लेबल आहे.

गुरुवार, २२ फेब्रुवारी
निश्चय: लेकीला रविवारी समोर बसवून खरं सांगायचं.

रविवार, २५ फेब्रुवारी
तिला शाळेचा प्रकल्प होता. अशा वेळी मुलांच्या डोक्याला ताप नको. पुढचा रविवार मोकळा आहे.

सोमवार, २६ फेब्रुवारी
मोठं यश. दोन दिवसांत लेकीची एकही तक्रार नाही. जेवण थोडं कमी, चालते जरा वाकून, पण चकार शब्द नाही. हिने विचारलं तर ‘काही नाही’ म्हणाली. घर किती शांत आहे. नको इतकं शांत.
बाटली निम्म्यावर आली आहे. मी रोज दोनच घेतो, फार तर पाच. मुंग्यांचा संशय आहे. झाकण घट्ट होतं. मुंग्या हुशार असतात.

मंगळवार, २७ फेब्रुवारी. दुपारी ३.१०, रुग्णालय
साडेबाराला शाळेतून फोन. जिन्यात पोट धरून बसली ती उठेचना. अपेंडिक्स. लगेच ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, उद्यावर गेलं असतं तर फुटलं असतं. शनिवारपासून दुखतंय, मग घरी का नाही सांगितलंस, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, बाबांना सांगितलं की गोळीच देतात, ती मी घेत होते. सारख्या घेत होते.
कुठली गोळी, असं मला विचारलं.
मी म्हणालो, उदरिन.
त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं. हे नाव ऐकलं नाही कधी, म्हणाले. भूल देण्याआधी कळायला हवं. एक नर्स फोनवर कोणाला तरी विचारायला लागली: उदरिन, हो हो, ‘द’ला रफार नाही. माझा शब्द किती लोकांच्या तोंडी होता. मी बाकावर बसून राहिलो. ही माझ्याकडे नुसती बघत होती.
शेवटी म्हणालो, सुक्रोज. डॉक्टर म्हणाले, काय? मी म्हणालो, साखर. त्यांना ऐकू गेलं होतं, तरी मी पुन्हा, मोठ्याने म्हणालो, साखर आहे हो, साखर.
त्यांनी केसपेपरवरचा शब्द खोडला.
वळलो तर दारात धाकटी. हिने फोन करून बोलावलं होतं. उजवा कान आमच्याकडे.

मंगळवार, २७ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.३०
लेक आत आहे. व्हरांड्यात आम्ही दोघं बाकावर. मी नेहमीप्रमाणे तिच्या उजवीकडे. मग तिने विचारलं, दादा, तेव्हा माझ्या कानात घातलंस तेही?
हो म्हणालो. यावेळी नळ नव्हता.
ती उठली, मला वळसा घालून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. आता मी तिच्या डावीकडे आहे.

बुधवार, २८ फेब्रुवारी. सकाळी १०
ऑपरेशन नीट झालं. सकाळी नर्सने लेकीच्या हातावर पांढरी गोळी ठेवली. लेकीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, खरी आहे का?
मी म्हणालो, हो. गोळीचं नाव सांगितलं, घटक सांगितले, मात्रा, दुष्परिणाम, सगळं तोंडपाठ. या गोळीच्या खोक्यातला कागद मीच तपासला होता.
लेकीने माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग आत्याकडे पाहिलं.
आत्याने मान हलवली. तेव्हा तिने गोळी गिळली.