तांडेलाची नजर आणि लाँचची काच

६ नोव्हेंबर १९५६, ठाणे
काय घडलं ते आधी क्रमाने.
१. खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रं धुतली, दुरुस्तीला आलेली आमच्या कंपनीची उतारूंची लाँचही. तिची पुढची काच प्लास्टिकची. घरी पितळ घासतात तशी ती राख आणि काथ्याने घासली.
२. ओली होती तोवर स्वच्छ दिसली. वाळल्यावर दुधाळ.
३. ओरखडे झाकायला व्यवस्थापकसाहेबांनी तिला निळा रंग देववला, थिनरमध्ये कालवून. थिनरने प्लास्टिकला बारीक तडे गेले.
४. मी इथली तपासनीस. नवी काच बसवा, असं लेखी दिलं. बसवली नाही.
५. काल संध्याकाळी, ऊन समोर असताना, लाँच खाडीत कोळ्यांच्या जाळ्याच्या खुंटावर आदळली. पुढची फळी फुटली. माणसं बचावली.
६. आज ठरलं की दोष तांडेलाच्या नजरेचा. शनिवारी १७ ला त्याचं सुकाणू काढून घेणार.
सहावा मुद्दा लिहिताना निब मोडलं. दुसरं घातलं.

७ नोव्हेंबर
काशिनाथ तांडेल, चेंदणी कोळीवाड्याचा. एकोणीस वर्षं याच खाडीत सुकाणूवर. धक्क्याच्या पायरीवर बसला होता.
"बाय, माजे डोले बरे हायत. ती काचच आंधली झालीय."
मग पलीकडे बोट केलं. "त्या खुंटावर बगला हाय बघ. एक पाय वर."
मला फक्त खुंट दिसला. पाटणकर फोरमनची दुर्बीण मागून आणली. बगळा. एक पाय वर.
मग परवा मान बाहेर काढून का नाही पाहिलंत, विचारलं. परवा, म्हणजे ५ ला.
"सायबानीच दटावला ना. पासिंजरांम्होरं कासवावानी मान काडू नको."

८ नोव्हेंबर
कोठारात त्याच प्लास्टिकचा तुकडा मिळाला. एक तृतीयांश कोरा ठेवला, एक राखेने घासला, एक घासून वर तोच रंग. साडेपाचला धक्क्यावर, तोंड सूर्याकडे. पाण्यातले खुंट मोजले.
कोऱ्यातून अकरा. घासलेल्यातून चार. रंगवलेल्यातून एकही नाही.
पाटणकरांनीही मोजले. तेच आकडे. "बाई, मोजणी बरोबर आहे हो. पण सही नका मागू. मुलीचं लग्न ठरतंय."
मागितली नाही.

९ नोव्हेंबर
साहेबांना तुकडा दाखवला. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.
"पूजेला दोष देता? तुमच्या घरी नाही का घासत?"
"घासतो. पितळ."
"बी. एस्सी. झालं म्हणजे खाडी कळते असं नव्हे."
लाँचची फाइल मी उघडली. माझा अहवाल नाही. त्या जागी टंकलेला कागद: 'काच समाधानकारक.' खाली माझं नाव. सही नाही, नाव.
एका म्हाताऱ्याचे डोळे अधू ठरवायला माझं शिक्षण वापरलं. मला न विचारता.

१० नोव्हेंबर
नवीन अहवाल लिहिते आहे. अडले एका ठिकाणी. त्या नवमीला काचेला कुंकवाचं बोट मीच लावलं. ओली होती. "छान निघाली," म्हणालेसुद्धा. तपासनीस म्हणून वाळेपर्यंत थांबायला हवं होतं. कोणी विचारलेलं नाही, तरी अहवालात घातलं. पहिल्याच पानावर.
आई : "अगं, तुझा कोण लागतो तो तांडेल?"
कोणी नाही, म्हटलं.
"नोकरी जाईल."
जाईल कदाचित. पण

१२ नोव्हेंबर
सकाळी दहाला पत्र दिलं. पोच घेतली. साहेब वाचत असतानाच मी बाहेर आले. नक्कल :

'मा. व्यवस्थापकसाहेब यांस,
फाइलमधला "काच समाधानकारक" हा कागद माझा नाही. तो काढावा आणि माझा मूळ अहवाल परत लावावा. तपासणीचा नवा अहवाल व प्लास्टिकचा तुकडा सोबत आहे. माझी स्वतःची चूक त्यात नोंदली आहे. तिची जी शिक्षा असेल ती मला द्यावी, काशिनाथ तांडेल यांना नव्हे. नवी, बिनरंगाची काच बसवेपर्यंत ती लाँच कोणाच्याही हाती देऊ नये.
हे मान्य आहे की नाही, ते शुक्रवार, १६ नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावं, ही विनंती.'