डाव्या खांद्यामागची बाई

३ जून, सोमवार
नवी खोली मिळाली, तीही खिडकीची! एम.ए.चं शेवटचं वर्ष. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं: सोमवार-बुधवार सकाळी समुपदेशन केंद्रात इंटर्नशिप, मंगळवार-गुरुवार वृद्धाश्रमात दुसरी, रोज दुपारी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शन, संध्याकाळी वर्ग. सुपरव्हायझरबाईंनी विचारलं, एवढं झेपेल का? न झेपायला काय झालं? वर्गातल्या पोरी एकाच इंटर्नशिपमध्ये धापा टाकतात, त्यांचं सोडा. लोकांची रडगाणी ऐकायला अक्कल लागत नाही. मान हलवायची, टिश्यूचा डबा पुढं सरकवायचा आणि मनात भाजीची यादी करायची.

१० जून, सोमवार
केंद्रात एक शिंपीणबाई आली. पन्नाशीची, गळ्यात अजून टेप तशीच. वर्षभर म्हणे तिच्या डाव्या खांद्यामागं कुणी बाई उभी असते. आधी नुसती ऐकते, मग हळूहळू आपल्याच आवाजात बोलायला लागते. मला हसू फुटलं. खोकल्याचं नाटक केलं, पण तिला कळलं. ती माझ्या मागं बघत राहिली. नोंदीत लिहिलं: लक्ष वेधून घेण्याची गरज.

१७ जून, सोमवार
शिंपीणबाई टवटवीत! त्रास गेला, आता येणार नाही म्हणाली. एका सेशनमध्ये! बाकीच्यांनी सहा-सहा महिने घासत बसावं. जाताना मात्र माझी माफी मागितली. कशाबद्दल, तिलाच ठाऊक.

१८ जून, मंगळवार
वृद्धाश्रमात गणिताचे निवृत्त मास्तर बोलायलाच तयार होईनात. आधी त्या बाईंना बाहेर पाठवा, म्हणाले. खोलीत आम्ही दोघंच. म्हातारचळ, दुसरं काय.

२० जून, गुरुवार
दवाखान्यात एका पेशंटनं विचारलं, तुम्ही दोघी बहिणी का? संध्याकाळी सरांनी माझ्या बाकावर दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या. मी टोकल्यावर तेच गोंधळले. सगळे बावळट माझ्याच वाट्याला. मान अवघडलीय. डावीकडची.

२४ जून, सोमवार
नवी क्लायंट रडत होती. मी मान हलवत होते. तोंड मिटलेलं होतं, शपथ. तरी माझ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "पुरे झालं आता हे रडगाणं." ती उठून गेली. मी ते मनात म्हणत होते. फक्त मनात.

२५ जून, मंगळवार
वृद्धाश्रमाला दांडी. शिंपीणबाईचं दुकान गाठलं. तिनं दार बोटभरच उघडलं.
"मी नाही हो ती बाई तुम्हाला दिली, ताई. तुम्ही हसलात आणि ती उठून तुमच्याकडं गेली. माझ्याकडंही अशीच आली होती. जाऊबाई रडत सांगत होत्या, आणि मी हसले."
आणि तिनं आतून कडी लावून घेतली.

२७ जून, गुरुवार
म्हणजे कुणीतरी हसायला हवं. सुपरव्हायझरबाईंना सांगितलं — मान हलवली. मैत्रिणीला सांगितलं — हात हातात घेतला. मास्तरांना सांगितलं — त्यांचे डोळे भरून आले. किती छान ऐकतात मेले! एकालाही हसता येऊ नये?

२९ जून, शनिवार
धाकटी बहीण उद्या राहायला येतेय. ती हसेल. माझ्या प्रत्येक दुखण्यावर हसत आलीय —
नाही. तिला पाचवा महिना लागलाय.
तिला सांगायचं नाही.

३० जून, रविवार
आली. समोर बसलीय. तोंड उघडायला नको म्हणून लिहितेय. तिला वाटतंय अभ्यास चाललाय. ओठ दातांत धरलेत, रक्त — तरी माझा आवाज — मागून — सगळं सांगतोय. शिंपीणबाई, मास्तर, सगळं —
बहीण माझ्याकडं बघतेय. गालाला खळी पडायला लागली —
वही तिच्यासमोर धरते. मोठ्या अक्षरात.
हसू नकोस
हसू नकोस
हसू न