राखीव नळीचं रबर

३ मार्च, मंगळवार

अकरा दिवस वही उघडली नाही. रोज उशाशी होती, रोज बाजूला सरकवून झोपले. लिहायला बसलं की ताई येणार हे ठाऊक होतं. आलीच, तिसऱ्या वाक्यात.

तर काम मिळतंय. बंदरात बोटींचे तळ खरवडायचे, पाण्याखाली जाऊन. शेवाळ, शिंपले, जे काय चिकटलं असेल ते. मुकादम म्हणाला, "कोर्स झालाय ना? मग सामान आपलं आपण आणायचं. अकरा तारखेला उतरून दाखव. जमलं तर राहा, नाही तर रस्ता आहेच." रस्ता मला नेहमीच आहे. दोन वर्षांत चार गावं, पाच कामं. या वेळी राहायचंय.

किराणा दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली — 'डायव्हिंगचा जुना संच विकणे आहे. तपासून घ्यावा.' जन्मभर ताईचं उतरलेलं घातलं मी. फ्रॉक, दप्तर, सायकल, भूमितीची वहीसुद्धा, नाव खोडून. हे निदान कुणा परक्याचं उतरलेलं असेल.

पण तपासायचं काय? कोर्सला सगळं तयार हातात मिळायचं. आणि ज्याला हे विचारावं असं ओळखीत एकच माणूस. चार वर्षांपूर्वी ताई डायव्हिंग शिकली. सहा महिन्यांत तिचं नाव सगळीकडे. मग एक दिवस सोडून दिलं. "कंटाळा आला," म्हणाली. मला कंटाळा आला की घरात 'धरसोड' म्हणतात. तिला आला तेव्हा आई म्हणाली, "मन भरलं असेल तिचं."

विचारलं शेवटी. मेसेज पाठवताना दात दुखले.

४ मार्च

यादी आली, हाताने लिहून फोटो काढलेली. अर्थातच आकडे घालून! नऊ कलमं.

पहिलं — 'हवेचा काटा. सिलिंडर लाव, सोडव. सोडवल्यावर काटा पूर्ण शून्यावर आला पाहिजे. तीनदा बघ.' आणि खाली पुन्हा, 'तीनदा.' मी काय बालवाडीत आहे?

नववं — 'राखीव नळीचं रबर बदलून घे. जुनं कसंही असो.'

शेवटी — 'कुणाचं सामान आहे?'

उत्तर दिलं नाही. एक तरी गोष्ट तिच्याआधी मला माहीत असू दे.

६ मार्च, शुक्रवार

तासभर उशिरा पोचले. वाटेत एक माणूस फूटपाथवर नुसत्या किल्ल्या विकत होता. कुलपं नाहीत, फक्त किल्ल्या. कोण घेतं? एक मी घेतली.

तिसरा मजला, जिना अंधारा. विकणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. वीस वर्षं डायव्हिंग शिकवलं, मग उजवा कान गेला आणि डॉक्टरने पाणी बंद केलं. "डावीकडून बोल," हे त्यांचं पहिलं वाक्य. काकूंचं पहिलं वाक्य बाल्कनीतल्या काळ्या रबरी सूटकडे बोट दाखवून — "हा बाई माझ्या दोरीवर तीन वर्षं लटकलाय. कपडे वाळत घालू देत नाही. ने एकदाचा."

यादी खिशात ठेवली होती. ताईच्या अक्षरात नको म्हणून स्वतःच्या हाताने उतरवलेली. काटा तीनदा बघितला. तीनदा शून्य. पाण्यात तरंगायचं हवेचं जॅकेट टम्म फुगवून खुर्चीवर ठेवलं. काकूंनी चहा आणला तेव्हा ते चौथ्या माणसासारखं बसलेलं. तासाभराने दाबलं, तसंच टम्म. नळ्या वाकवून बघितल्या, कुठे भेग नाही. मग सिलिंडर बंद ठेवून नळीतून तोंडाने हवा ओढायची.

"ओढ. येते हवा?" मास्तरांनी विचारलं.

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

"मग चांगलंय. बंद असताना आली तर कुठेतरी भोक."

शेवटी राखीव नळी. पिवळी. बरोबरच्याची हवा संपली तर त्याने ती तोंडात घ्यायची, म्हणून प्रत्येकाच्या संचात असते. वेळच येत नाही, त्यामुळे तिचं दातांत धरायचं रबर वर्षानुवर्षं कोरं राहतं. हे कोरं नव्हतं. दोन्हीकडून चावलेलं, उजवीकडे तर आरपार. आणि डावीकडे सुळ्याची खूण अर्धीच, तिरकी.

तो सुळा मी ओळखते, ताईचा. मीच तोडलाय. सहा वर्षांची असताना, पत्र्याची कंपासपेटी फेकून.

"हे कुणी चावलं?"

"होती एक शिष्या. तशी पुन्हा मिळाली नाही. ती पाण्यात उतरली की वाटायचं, आपण उगाच शिकवतोय."

या घरातही ती माझ्याआधी येऊन, चहा पिऊन, कौतुक घेऊन गेलेली. परक्याचं म्हणून बघायला गेले आणि त्यावर हिचे दात!

बहीण आहे हे सांगितलं नाही. "विचार करून कळवते," म्हटलं आणि जिना उतरले.

७ मार्च

घेणार नाही. उष्टं खाऊन मोठी झाले, आता श्वास पण उष्टा?

नंतर — काकूंचा फोन. उद्या दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. "तुला हवा असेल तर सकाळी ये. मला तू बरी वाटलीस, चहाचा कप विसळून ठेवलास." ताईने ठेवला नसेल का? ठेवलाच असेल.

आणखी नंतर. एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कोर्सला आम्ही राखीव नळी मिनिटभर धरायचो, सरावापुरती. त्याने रबर आरपार होत नाही. आत्ता खोडरबर चावून बघितलं, जबडा दुखेपर्यंत. साधी खूणसुद्धा नीट उमटली नाही.

८ मार्च, रविवार

सकाळीच गेले. डाव्या बाजूला बसले आणि सरळ विचारलं, "त्या मुलीने एवढं का चावलं?"

मास्तरांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "सांगा की. ती काय आता ऐकायला येणारे?"

अठरा मीटर खोल होते दोघं. तिच्या स्वतःच्या संचावर काटा साठ, म्हणजे अजून पुरेशी हवा, दाखवत होता आणि सिलिंडर रिकामा होता. काटा अडकलेला. तिने एकदम हात गळ्यावर आडवा फिरवला, म्हणजे हवा संपली. मास्तरांनी आपल्या संचाची पिवळी नळी दिली. वर यायला आठ मिनिटं. घाईने येता येत नाही, मध्ये थांबावं लागतं.

"आठही मिनिटं डोळे माझ्या डोळ्यांवर. पापणी नाही हलली. होडीत चढली तरी रबर सुटेना तोंडातून. जबडाच धरलेला. मी बोटं घालून काढलं."

"मग?"

"मग काय. पुन्हा पाण्यात उतरली नाही. मला एवढंच म्हणाली, घरी कळू देऊ नका. धाकटी माझं बघून सगळं करते. ती पण घाबरेल."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती. मी ते ऐकत बसले.

काकूंनी विचारलं, "काय करते गं ती धाकटी आता?" जसं काही मला माहीत असणारच.

"बोटी खरवडते," मी म्हटलं. "म्हणजे, बुधवारपासून."

मास्तरांनी डावा कान पुढे केला. "काय म्हणाली?"

काकू त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या, "धाकटी हीच आहे!"

मास्तर उठले. पक्कड आणली, जुनं रबर काढलं, नवं चढवलं, पट्टी आवळली, ओढून बघितलं. मग काटा हातात घेतला. मी तीनदा बघितला होता तरी त्यांनी चौथ्यांदा बघितला. जुनं रबर मी मागून घेतलं.

संच घरी आलाय. खोलीत आता मला झोपायला जागा नाही.

९ मार्च

इतकं कळल्यावर हेवा जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. उलट वाढला! कंटाळा आला म्हणून थापा मारल्या, चार वर्षं आईचं कौतुक गुपचूप ऐकून घेतलं, आणि मी विचारल्यावर एका दिवसात नऊ कलमं लिहून पाठवली. मला जमलं असतं? मी तर मेसेजलाच उत्तर दिलं नसतं.

१० मार्च

सकाळी तिला जुन्या रबराचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'सामान मास्तरांचं आहे. काटा तीनदा बघितला. उद्या उतरतेय.'

तिने बघितलं. उत्तर नाही. दुपार झाली, नाही.

मला आता भीती वाटायला लागलीय. तिची की पाण्याची, कळत नाही.

१० मार्च, संध्याकाळ

बेल वाजली. मुकादम असेल म्हणून उघडलं तर दारात ताई. सहा तासांचा प्रवास, ऑफिसचेच कपडे, हातात पिशवीसुद्धा नाही. मला बाजूला सारून आत आली, बूट न काढता संचापाशी बसली. काटा उचलला, पण तिचा हात इतका थरथरतोय की आकडा वाचता येत नाहीये. म्हणते, "तू धर." धरायला चाललेय.