राखेऐवजी राखण

४ मे १९३२
नव्या रस्त्याचा खाडीकाठचा तुकडा अजून छळतोय. नुसती चिकणमाती. वाळली की भेगा, भिजली की लोणी. आज दोन गोळे पाण्यात टाकून पाहिले. साध्या मातीचा गोळा माझा चहा संपायच्या आत विरघळला. भाताच्या तुसाची राख नि चुना वस्त्रगाळ करून मिसळलेला मात्र तसाच टणक. इंजिनियरसाहेब म्हणाले, "करा, पण जबाबदारी तुमची." जबाबदारी द्यायला उशीर लावत नाहीत.

९ मे
अंगात ताप. चुना कालवलेली राख शेडमध्ये तयार आहे. पडल्यापडल्याच मुकादम धाकूला सांगितलं, उद्या खाडीच्या तुकड्याला राख द्या, मातीत नीट मिसळा, मग रूळ फिरवा. माझा घसा बसलेला. तो "व्हय" म्हणाला.

१५ मे
आज उठलो. तुकडा तयार! रूळ फिरवून वर मुरूमसुद्धा बसवलाय. खूश होऊन शेडमध्ये गेलो, तर राखेचा ढीग जसाच्या तसा.
धाकू म्हणतो, "तुमीच बोललाव ना सायब, राखण द्या! कोंबडा दिला, नारळ ठेवला, जागेवाल्याला गाऱ्हाणं घातलं."
मी घाटावरचा. जागेच्या राखणदाराला द्यायची ती राखण, हे आज कळलं. आधी हसू फुटलं. मग पावसाला किती दिवस उरलेत ते मोजलं.

१७ मे
साहेबांना सगळं सांगितलं. उकरून पुन्हा करू म्हटलं. "छान दिसतोय की. चोवीसला या रस्त्यावर मोटार सुरू व्हायचीय, आता उकरणं नाही." पाऊस आला तर? विचारलं. त्यांनी पुढचा कागद ओढला.

२० मे
सासऱ्यांचा माणूस आला. सौ. माहेराहून बाळाला घेऊन पहिल्याच मोटारीने निघणार. पोराचं तोंड अजून पाहिलेलं नाही मी. उलट निरोप दिला, होडीने ये.

२२ मे
तिचा जबाब: होडी लागते मला, उलट्या होतात. स्वतः बांधलेल्या रस्त्याची भीती वाटते की काय?
वाटते. फार वाटते.

२४ मे
पहाटे जोराची सर. तुकड्यावर धावलो. छत्री टेकली तर टोक मुरुमातून वीतभर आत. खाली लोणीच. साहेब दौऱ्यावर. मोटार तिकडून निघालेली असणार.

कडेला बसून लिहितोय, मोटार येईपर्यंत. लाल फडकं काठीला बांधलंय. मोटार थांबवायची, सगळ्यांना उतरवून कडेने चालत आणायचं. पण मोटार येणार त्या बाजूला उतार आहे, वळणही. ड्रायव्हरला वेळेत दिसलं पाहिजे. ब्रेक लागला पाहिजे.

धाकू नारळ घेऊन आलाय. "भिऊ नका सायब. परत गाऱ्हाणं घालतो." एरवी हसलो असतो. घाल म्हटलं, माझ्या पोराचं नाव घेऊन घाल.
"नाव काय?"
बारसं इथे आल्यावर करायचं ठरलंय. नाव अजून ठेवलेलंच नाही.
हॉर्न वाजला