आमच्या बोळातलं आईचं प्रदर्शन

ती. ताईस,

गुडघा धरलाय, त्यामुळे साष्टांग जमणार नाही; उभ्याउभ्याच नमस्कार घे. तू बरी असशील, भावजींचं पोट बरं असेल (नसलं तर त्याला तेच जबाबदार), आणि फोन न उचलण्याची तुझी सवयही ठणठणीत असेल असं धरून चालतो. नाहीतर पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

आमच्या फ्लॅटच्या दारापासून न्हाणीघरापर्यंतचा बोळ तू पाहिला आहेस. दोन माणसं समोरासमोर आली की एकाला माघार घ्यावी लागते, आणि लग्न झाल्यापासून ती मीच घेतो. तो बोळ आता आईने बळकावला आहे. बाबांनी जन्मभर तिला प्रवास घडवला तो फक्त घर बदलताना, त्यामुळे ते गेल्यावर तिने सहलींचा सपाटाच लावला. लोक सहलीहून लाकडी हत्ती आणतात. आईला विकतचं चालत नाही. तिच्या मते दुकानातल्या वस्तूने दुकानाचीच आठवण येते. म्हणून मुक्कामाच्या जागेवरचीच वस्तू ती उचलते. म्हणजे, स्पष्टच सांगतो, ढापते. हॉटेलांचे चमचे, खोल्यांच्या किल्ल्यांचे पितळी बिल्ले, 'झोपमोड करू नये'च्या पाट्या, एका काउंटरवरची टिंग वाजणारी घंटी, सगळं खिळ्यांना आणि फळीवर मांडलेलं, आणि प्रत्येकाखाली तिच्या टपोऱ्या अक्षरात हॉटेलचं नाव आणि खोलीचा नंबर. चोरसुद्धा इतका पुरावा मागे ठेवत नाही. (तुझ्या भावजयीला हे सगळं फार कलात्मक वाटतं. खिळे तिनेच ठोकून दिले.)

तर झालं असं, की आईच्या सहल कंपनीचे मालक घरी यायचे ठरले. सगळ्यांत वयस्कर प्रवासी म्हणून जाहिरातीसाठी तिचा फोटो काढायचा होता आणि पुढच्या सहलीत तिला मानाची खिडकी द्यायची होती. आई आनंदाने नुसती तरंगत होती, आणि मी बोळातल्या चिठ्ठ्यांवरची नावं वाचत सुटलो. त्यांतली निम्मी हॉटेलं त्या मालकांचीच! आई दुपारी आडवी झाली तसं मी सगळं उतरवून कपड्यांच्या बादलीत लपवलं आणि खिळ्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातले लाकडी हत्ती लटकवले. अंघोळीला गेलो, बाहेर येतो तर हत्ती बादलीत आणि चमचे भिंतीवर! तेवढ्यात बेल वाजली. मी टॉवेलात.

मालक बोळातून चिठ्ठ्या वाचत वाचत आले. घंटीपाशी थांबले. टिंग करून पाहिली. आवाज ओळखीचा निघाला असावा, कारण चेहरा उतरला. मागून कॅमेरा घेऊन आलेला त्यांचा गाइड तर एका पिवळ्या झेंड्यासमोर खिळूनच राहिला. तो झेंडा हरवला म्हणून त्याचा सगळा तांडा भलत्याच लोकांच्या मागे गेला होता आणि त्याने साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"आजी, अहो, झेंडा शोधायला तुम्हीच तर माझ्याबरोबर फिरत होतात!"

"मग? वाईट वाटत होतं मला तुझ्यासाठी," आई म्हणाली.

मालक सज्जन निघाले. आरडाओरडा केला नाही, वस्तूही मागितल्या नाहीत. चहा घेतला आणि जाताना "आजींनी आता आराम करावा" एवढंच म्हणाले. म्हणजे नाव कायमचं कटलं. तेव्हापासून आई बोळात स्टूल टाकून बसते आणि चमचे पुसते. दोन घास खाते नि उठते. मी इतके दिवस तिला हसत होतो, पण आता बघवत नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. आईला महिनाभर तुझ्याकडे बोलाव. 'कधीही ये' असं मोघम नको. तारीख, गाडी, कुठल्या खोलीत मुक्काम, सगळं लेखी कळव. तिला सहलीसारखं वाटलं पाहिजे.

ता.क. दुसरा. भावजींनी ज्याच्यापायी सोफ्याचं पोट फाडलं तो टीव्हीचा रिमोट सापडला आहे. झेंड्याशेजारी टांगलाय, खाली 'लेकीचं घर' अशी चिठ्ठी. मी म्हटलं, अगं, पोटच्या पोरीकडेही चोरी? तर म्हणाली, "जिथे परत जाणं होईलसं वाटत नाही, तिथूनच आणते मी." भावजींना इतक्यात काही बोलू नकोस. आधी तारीख कळव.